मिसिसिपी जॉन हर्ट : एका ‘पुनर्शोधा’चा पुनर्विचार

प्रस्तावना :

अमेरिकेतील ब्लूज संगीताच्या इतिहासात गायक व गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट यांची एक कथा वारंवार सांगितली जाते. १९२८ मध्ये काही ध्वनिमुद्रिका देऊन हा कलावंत अज्ञातवासात गेला आणि १९६३ मध्ये एका संगीतप्रेमी तरुणाने त्यास शोधून काढले, अशी ती कथा. ती असत्य नाही. मात्र ती शोधणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. ज्या परिसरात ही घटना घडली, त्या परिसराच्या बाजूने तिच्याकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवन व ध्वनिमुद्रण :

हर्ट यांचा जन्म मिसिसिपी राज्याच्या कॅरोल काउंटीतील टिओक येथे झाला. जन्मवर्ष १८९२ की १८९३ याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांचे बहुतेक आयुष्य जवळच्याच ॲव्हलॉन या खेड्यात शेतीकामात गेले. बालपणीच ते गिटार स्वतःहून शिकले. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर अखंड ठेका धरायचा आणि त्याच वेळी अन्य बोटांनी वरच्या तारांवर गाण्याची चाल वाजवायची, ही त्यांची पद्धत होती. मिसिसिपीतील अन्य अनेक ब्लूज गायकांचा आवाज चढा व खरखरीत असे. हर्ट मात्र शेजारी बसून गोष्ट सांगावी तितक्या हळुवारपणे गात.

विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकाचा नेहमीचा साथीदार उपलब्ध नसला की हर्ट त्याला साथ करीत. नार्मरच्याच शिफारशीवरून ओके या कंपनीने फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिस येथे हर्ट यांची आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. प्रकाशित केली ती दोनच. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क येथे आणखी ध्वनिमुद्रण झाले. नावामागील ‘मिसिसिपी’ हा शब्दही विक्रीसाठी कंपनीनेच जोडलेला. त्या काळी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी वेगळी सूची, अशी या व्यवसायाची विभागणी होती. गावातील नाचगाण्यात जे एकत्र वाजवीत, ते दुकानात मात्र वेगवेगळ्या फळीवर ठेवले गेले. लोकसंगीताचे अभ्यासकही पुढे दीर्घकाळ हीच विभागणी प्रमाण मानत आले, हे विशेष!

१९२९ च्या आर्थिक महामंदीत ध्वनिमुद्रिकांचा धंदा कोसळला. हर्ट पुन्हा बटाईच्या शेतीवर राबू लागले. त्यांना ‘अज्ञात’ म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न आहे. ॲव्हलॉनला ते कोण आहेत हे ठाऊक होते.

मार्च १९६३ :

हॅरी स्मिथ यांनी १९५२ मध्ये संपादित केलेल्या अमेरिकन लोकसंगीताच्या संकलनात हर्ट यांच्या दोन गाण्यांचा समावेश झाला आणि नव्या पिढीत कुतूहल निर्माण झाले. एका गाण्यात त्यांनी स्वतःच्या गावाचे नाव गुंफले होते. त्या आधारे टॉम हॉस्किन्स या तरुणाने जुन्या नकाशासंग्रहात ॲव्हलॉन शोधले आणि मार्च १९६३ च्या प्रारंभी तो थेट हर्ट यांच्या दारी पोहोचला. हा माणूस पोलिसांचा वा एफबीआयचा असावा, असे हर्ट यांना वाटले. नकार दिला तरी तो आपल्याला नेणारच, या समजुतीने आपण होकार दिला, असे त्यांनी पुढे सांगितले.

हा प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. परंतु तारखा पाहाव्यात. ॲव्हलॉनपासून जवळच, लेफ्लोर काउंटीत ग्रीनवूड हे शहर आहे. तेथे विद्यार्थी अहिंसक समन्वय समितीचे कार्यकर्ते कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करीत होते. त्याला उत्तर म्हणून काउंटी प्रशासनाने १९६२ च्या उत्तरार्धात गरिबांना मिळणारे केंद्र सरकारचे धान्य बंद केले. २८ फेब्रुवारी १९६३ रोजी ग्रीनवूडजवळ महामार्गावर जिमी ट्रॅव्हिस या कार्यकर्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. याच काउंटीतील मनी या गावातून १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलला रात्री घरातून उचलून नेऊन ठार करण्यात आले होते. अशा मुलखात, ट्रॅव्हिसवरील हल्ल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, एक अनोळखी गोरा तरुण दारात उभा राहतो आणि सत्तरीच्या कृष्णवर्णीय शेतमजुराला ‘माझ्याबरोबर चला’ म्हणतो. हर्ट यांची भीती हा त्यांचा भाबडेपणा नव्हता. आयुष्यभराच्या अनुभवातून आलेले ते शहाणपण होते.

अखेरची वर्षे :

जुलै १९६३ मध्ये न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात हर्ट गायले. त्याच महोत्सवात समन्वय समितीच्या गायकांनी स्वातंत्र्यगीते सादर केली. मिसिसिपीतील नेते मेडगर एव्हर्स यांची हत्या होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना लोटला होता. पुढील तीन वर्षे महाविद्यालये, कॅफे व ध्वनिमुद्रण यांत गेली. मिसिसिपीतीलच ग्रेनाडा येथे २ नोव्हेंबर १९६६ रोजी हर्ट यांचे निधन झाले. ॲव्हलॉनमधील त्यांचे लहानसे लाकडी घर त्यांच्या नातीने संग्रहालय म्हणून जतन केले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आगीत जळून गेले.