शिवथरघळीतलं ट्रेनिंग मॅन्युअल

मागच्या पावसाळ्यात महाडहून शिवथरघळीत गेलो. समर्थांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा. घरी येऊन १९व्या दशकाचा पहिला समास उघडला आणि उडालोच! हे तर चक्क ट्रेनिंग मॅन्युअल. बोरू कसले घ्यावेत, टाक तोडण्याचे प्रकार, कातऱ्या, बांधणी... भोवती कोरी जागा सोडा, म्हणजे कागद झडला तरी अक्षर वाचेल!

पण हा समास ब्राह्मणाला उद्देशून आहे. लोहार-सुताराची मुलं बापाच्या हाताखाली शिकली. पुढे शाळा आल्या, त्यांत वह्या शिरल्या. हत्यारं बाहेरच राहिली.

ती आत आणायला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, शेती, आरोग्याच्या चाचण्या शिकतात, तीही गावाला लागणारी खरी कामं करून. एसएससी बोर्डानेही त्याला मान्यता दिली.

आणि मी? इंजिनिअरिंगला वर्कशॉपचा जॉब सिनियरकडून आणून सबमिट केला होता. आठवीत असा एक दिवस मिळाला असता, तर निदान आज घरचा नळ तरी दुरुस्त करता आला असता. तुमचं काय?