लिंबू-मधाचं पाणी आणि उरुळीची वाट

नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस आपल्याला दोन समाध्यांमुळे ठाऊक आहे. एक महादेवभाई देसाईंची, दुसरी कस्तुरबांची. शाळांच्या सहली तिथं जातात. मुलं समाध्यांपुढं ओळीनं उभी राहतात आणि मग हिरवळीवर डबे उघडतात. पण ह्याच वाड्यात नजरकैदेत असताना गांधीजींनी एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. ते पुस्तक राजकारणावरचं नाही. पाणी, हवा, ऊन, माती ह्यांचा शरीराला उपयोग काय, मोकळ्या आकाशाखाली का झोपावं, चहाऐवजी काय घ्यावं, असल्या साध्या गोष्टी त्यात आहेत. गुजरातीतलं त्याचं नाव ‘आरोग्यनी चावी’, म्हणजे आरोग्याची किल्ली. कुलुपाआड बसलेल्या माणसानं किल्लीवर लिहावं, ही गंमत माझ्यासारख्या कविता करणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

तारखा पाहा. ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत अटक झाली आणि गांधीजींना इथं आणलं गेलं. १५ ऑगस्टला महादेवभाई गेले. पंचवीस वर्षांचा सहवास असा सहा दिवसांत संपला. आणि त्याच महिन्याच्या अखेरीला गांधीजींनी हे पुस्तक लिहायला घेतलं. डिसेंबरात ते पुरं झालं. दक्षिण आफ्रिकेत असताना ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी ह्याच विषयावर लेख लिहिले होते, ते पुन्हा नव्यानं मांडण्याचं निमित्त होतं. बाहेर देश पेटलेला, आत जवळचा माणूस गेलेला आणि हा मनुष्य पाणी उकळण्याविषयी लिहितो आहे! काहींना हे विचित्र वाटेल. मला नाही वाटत. घरात मयत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमची दादी पहिल्यांदा चूल सारवायची आणि आधण ठेवायची. हाताला काम दिलं की जीव थाऱ्यावर येतो.

त्या पुस्तकात चहा-कॉफीवर एक प्रकरण आहे. चहात चांगलं काय असेल तर ते उकळलेलं पाणी, असा त्याचा रोख. मग चहाच्या जागी घ्यायचं काय? गरम पाणी, त्यात मध आणि लिंबू. आज शहरातल्या निम्म्या घरांत सकाळी हेच पाणी घेतात आणि ते कुठल्या तरी परदेशी आहारतज्ज्ञानं सांगितलं अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या एका कैद्यानं ते लिहून ठेवलं आहे. अर्थात चहाच्या बाबतीत पुण्यानं गांधीजींचं अजिबात ऐकलं नाही, हेही सांगायला हवं. ज्या गावानं चहाच्या दुकानाला ‘अमृततुल्य’ नाव दिलं, ते गाव चहा कसा सोडणार?

चहा घरोघर पोचण्याआधी आपल्याकडे काय उकळत होतं? सुंठ, धने-जिरे, तुळस, अडुळसा. गवती चहा तर नावानंच चहाचा चुलतभाऊ. आमच्या घरी सर्दी-खोकल्याला हकीमजींचा जोशांदा असे. फारसीत ‘जोश’ म्हणजे उकळी. उकळून केलेला तो जोशांदा. काढा हा शब्द संस्कृत ‘क्वाथ’पासून आला, त्याचाही अर्थ उकळलेलं. शेजारच्या काकूंच्या पातेल्यात काढा आणि आमच्या पातेल्यात जोशांदा, पण दोन्ही पातेल्यांत ज्येष्ठमध एकाच दुकानातून आणलेला. सरबत शब्द अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ नुसता ‘पिणं’ एवढाच. इंग्रजीतला सिरपही त्याच घराण्यातला.

आणखी एक सांगतो. अंगणातली तुळस आणि सरबतात टाकतो तो सब्जा ह्या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा वनस्पती आहेत, एकाच कुळातल्या. एकीला वृंदावनात जागा मिळाली. दुसरीची पानं आम्ही कबरीवर वाहतो आणि तिचंच बी रोजाच्या दिवसांत संध्याकाळी दुधात भिजवतो. दादी पेल्याला हात लावण्याआधी ‘बिस्मिल्ला’ म्हणायची, खाली बसून तीन घोटांत पाणी प्यायची, मध्ये श्वास घ्यायची. हल्ली ह्याला सजगता असं भारदस्त नाव मिळालं आहे. ती त्याला अदब म्हणायची.

पिण्याचं झालं, आता शरीर हलवण्याचं. ह्या बाबतीत पुण्याचा आणि आसपासचा मुलूख फार श्रीमंत आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं आणि श्वास रोखल्यावर शरीरात काय होतं ते यंत्रं लावून मोजायला घेतलं. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कार शाळांत नेले. आणि १९३७ साली म्हैसूरहून एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा डेक्कन जिमखान्यावर योगासनं शिकवायला आला. बोलावणं सहा महिन्यांचं होतं. मराठी येत नव्हतं, लहानपण आजारपणात गेलेलं, शरीर किरकोळ. तो मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन ह्यांची गाठ पडली आणि पुढं त्यांची कीर्ती जगभर गेली, हे आपण जाणतो. मला मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. ज्याचा गुडघा वाकत नाही, ज्याची कंबर धरली आहे, त्यालाही आसन करता यावं म्हणून त्यांनी पट्टा, वीट, दोरी, खुर्ची, घडी केलेलं घोंगडं अशा घरातल्याच वस्तू कामाला लावल्या. सहा महिन्यांसाठी आलेले अय्यंगार २० ऑगस्ट २०१४ ला पुण्यातच वारले.

अनेकदा सभांतून मला कोणीतरी कौतुकानं सांगतं की, तुमची नमाज म्हणजे योगासनंच की हो. सांगणाऱ्याचा भाव चांगला असतो, म्हणून मी हसून मान डोलावतो. पण दादीनं हे ऐकलं असतं तर तिनं दोघांनाही झापलं असतं. सजद्यात पाठीला ताण बसतो हे खरं, पण पाठीसाठी कोणी सजदा करत नाही.

आता ताडीवाला रस्त्याकडे येऊ. पुणे स्टेशनच्या जवळच्या ह्या रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता ह्या पारशी गृहस्थांचं निसर्गोपचाराचं चिकित्सालय होतं. आगाखान पॅलेसमध्ये १९४३ साली गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला तेव्हा, आणि पुढं कस्तुरबांच्या अखेरच्या आजारातही, डॉ. मेहतांना तिथं जाण्याची परवानगी मिळाली होती. सुटकेनंतर गांधीजी पुण्यात आले की बऱ्याचदा त्यांच्याकडेच उतरत. १८ नोव्हेंबर १९४५ ला दोघांनी मिळून निसर्गोपचारासाठी एक न्यास स्थापन केला. २०१८ पासून हाच दिवस सरकारी पातळीवर निसर्गोपचार दिन म्हणून पाळतात.

ह्या चिकित्सालयात येणारे रुग्ण बहुतेक खात्यापित्या घरचे. गांधीजींच्या मनात आलं की, ते गरिबांसाठी करावं. १९४६ च्या सुरुवातीपासून तसं ठरलंही. आणि दोन-तीन महिन्यांतच त्यांच्या ध्यानात आलं की हे जमणारं नाही. वाफेच्या पेट्या, टब, परिचारक, राहायच्या खोल्या हा सगळा थाट शहरी, आणि ज्यांच्यासाठी मांडायचा तो गरीब खेड्यात. त्याला इथं यायला भाडं नाही, आला तर मजुरी बुडते. मार्च १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी उघडपणे लिहिलं की, शहरात गरिबांसाठी अशी संस्था उभी करण्याचा विचार हा आपला मूर्खपणा होता, आजारी गरिबाची काळजी असेल तर आपणच त्याच्याकडे गेलं पाहिजे. सत्त्याहत्तराव्या वर्षी, देशाच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी दाराशी आल्या असताना, हा माणूस पुण्यातलं चिकित्सालय सोडून सोलापूर रस्त्यावर तीस किलोमीटरवरच्या उरुळी कांचनला गेला. तारीख होती २२ मार्च.

उरुळीत ते आठवडाभर राहिले. रोज सकाळी गावातले लोक दुखणी घेऊन येत. खरूज, पोटदुखी, डोळे, ताप. उपाय बहुतेकांना तेच : उन्हात बसा, कटिस्नान करा, अंग चोळा, दूध-ताक-फळांचा रस घ्या, भरपूर पाणी प्या, रामनाम घ्या. रामनामाविषयी त्यांचं म्हणणं असं की, देवाला कुठल्याही नावानं हाक मारली तरी तो एकच. मग कॅबिनेट मिशनसाठी दिल्लीचं बोलावणं आलं आणि ते निघाले. मागं आश्रम राहिला, विनोबांचे बंधू बाळकोबा भावे राहिले आणि मणिभाई देसाई नावाचा एक तरुण राहिला.

इथं मला थांबून विचारावंसं वाटतं. ऊन फुकट, हवा फुकट, पण बाकीचं? माझी खाला ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीत राहायची. गांधीजी जिथं उतरत त्या वास्तूपासून हाकेच्या अंतरावर. मी १९७०-८० च्या दशकांतलं सांगतो आहे. नळ पहाटे चारला यायचा, रांगेत हंडे आदल्या रात्रीच लागायचे. कटिस्नानाला एक टब पाणी लागतं. तेवढ्या पाण्यात खालाचं सहा माणसांचं घर दिवसभर चालायचं. भरपूर पाणी प्या असं तिला सांगितलं असतं तर तिनं आधी विचारलं असतं, भरायला कोण जाणार? आणि मध? तो घरात नुकतं बाळ जन्माला आलं की यायचा, तोही बोटभर बाटलीत.

मणिभाईंना उरुळीत हाच प्रश्न भेटला असावा, असं त्यांचं पुढचं काम पाहून वाटतं. ताक प्या म्हणून सांगणं सोपं, पण ज्याच्या दारात गाय नाही, किंवा आहे ती दूध देत नाही, त्यानं ताक आणायचं कुठून? मणिभाई गाईंकडे वळले. गीर गाईंचा कळप उरुळीत उभा केला, त्यांची पैदास अभ्यासली. १९६७ साली त्यातून ‘बाएफ’ ही संस्था निघाली आणि शेतकऱ्याच्या दारी जाऊन गाईंचं संकरित पैदाशीचं काम अनेक राज्यांत पोचलं. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले. निसर्गोपचार शिकायला बसवलेला माणूस गोठ्यात शिरला, म्हणून काही शुद्ध निसर्गोपचारवाद्यांनी नाक मुरडलं असेल. माझ्या मते गांधीजींची ती चिठ्ठी नीट वाचणारा तो एकटाच होता.

ताडीवाला रस्त्यावरच्या त्या वास्तूत, बापू भवनात, १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. उरुळीचा आश्रमही चालू आहे. दोन्हीकडे माणसं जातात, बरी होऊन येतात. पण ह्या सगळ्याला आता बाजार चांगलाच चिकटला आहे. लिंबू-मधाचं पाणी बाटलीत भरून विकतात, गवती चहाच्या कागदी पुड्या मॉलमध्ये मांडलेल्या असतात आणि दीर्घ श्वास घ्यायला शिकवण्याचे पैसे पडतात. मी दरांविषयी तक्रार करत नाही, ज्याला परवडतं त्यानं घ्यावं. मात्र करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, घरोघर काढा सुरू झाला तेव्हा प्रमाण सुटलं. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी एवढ्यावर लोक थांबले नाहीत, गुळवेल रोजच्या रोज प्यायले. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आमच्या हकीमजींचा जोशांदा मात्र तीन दिवसांचा असे. चौथ्या दिवशी मागायला गेलं तर ते नाडी बघत आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परत पाठवत.

आणि ती पहाट. कुठल्याही घरात सकाळी सहाला कोणी शांत बसून कोमट पाणी पीत असेल, तर ते पाणी साडेपाचला कोणीतरी उठून तापवलेलं असतं. बहुतेक घरांत ती बाई असते. त्या आसनांच्या, उपवासांच्या, काढ्यांच्या इतिहासात तिचं नाव येत नाही. गांधीजींच्या आश्रमांतही पातेली घासणाऱ्यांच्या वेळापत्रकावरून कुरबुरी होत. निदान तिथं पुरुषांना ती घासावी तरी लागत.

खालाची वस्ती अजून आहे. नळ घरात आला आहे. तिच्या सुनेनं रंगाच्या रिकाम्या डब्यात गवती चहा लावला आहे. दाराबाहेर, गटारीच्या कठड्यावर तो डबा असतो. गल्लीतली कोणीही येता-जाता दोन पाती कापून नेते. कापणाऱ्यांसाठी तिनं एक जुनी कात्री सुतळीनं डब्याला बांधून ठेवली आहे.