कलहंसाचा क्रोध

मान जमिनीलगत ताणून, फुत्कारत धावून येणाऱ्या कलहंसाचे छायाचित्र पाहताच तो पक्षी चवताळला आहे असा निवाडा आपण देऊन मोकळे होतो. परंतु हा क्रोध कोणावर आणि कशासाठी, याची पद्धतशीर चौकशी होण्यास विसावे शतक उजाडावे लागले, आणि तिचा पाया घातला तो बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात नोकरीस असलेल्या ओस्कार हाइनरोथ यांनी.

1910 साली बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेपुढे बदके व हंस यांच्या वर्तनाविषयी त्यांनी जो प्रबंध ठेवला, त्यात एका विलक्षण आचाराचे वर्णन आहे. नर परक्यावर चाल करून जातो, त्याला पिटाळतो (कित्येकदा तो शत्रू नावापुरताच असतो), आणि तत्काळ मागे फिरून मान पुढे ताणत मादीसमोर मोठ्याने ओरडू लागतो. मादी त्याच्या स्वरात स्वर मिसळते, आणि पिले असतील तर तीही त्या कोलाहलात सामील होतात. हाइनरोथ यांनी याला विजयघोष म्हटले.

या गृहस्थांची आणि त्यांच्या पत्नी माग्दालेना यांची कामगिरी एवढ्यावर संपत नाही. बर्लिनमधील आपल्या राहत्या घरात त्यांनी शेकडो पक्षी अंड्यातून निघाल्यापासून वाढविले, त्यांच्या वाढीच्या प्रत्येक अवस्थेची छायाचित्रे घेतली, आणि तो सारा तपशील 1924 पासून मध्य युरोपच्या पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथाच्या खंडांतून प्रसिद्ध केला. दिवाणखान्यात पिलांचा गलबला सोसून इमानेइतबारे केलेल्या या नोंदींपुढे पुष्कळशा प्रयोगशाळांची दप्तरे मला फिकी वाटतात.

हाइनरोथ यांना गुरुस्थानी मानणारे कोनराड लोरेंत्स यांनी व्हिएन्नाजवळ, डॅन्यूबकाठच्या अल्टेनबर्ग गावी कलहंस पाळून ही चौकशी पुढे नेली. खऱ्या झुंजीत दोन नर चोचीने एकमेकांस घट्ट धरतात आणि पंखाच्या सांध्याच्या टणक भागाने तडाखे हाणतात. पण अशी झुंज विरळा, बहुधा धमकीवरच निभावते. धमकीची ती मुद्रा आणि विजयघोषाची मुद्रा जवळजवळ एकच आहे, हे या इतिहासातील सर्वांत मर्मग्राही निरीक्षण होय. भेद आहे तो दिशेचा: शत्रूवर रोखलेली मान नेमकी त्याच्या अंगावर जाते, तर जोडीदाराकडे येताना तीच मान त्याच्या बाजूने किंचित तिरपी निघून जाते. ज्या आवेशाने परक्याला हाकलायचे, त्याच आवेशाला अशी बगल देऊन कलहंस आपली जोडी आयुष्यभर बांधून ठेवतो. एकट्या छायाचित्राला हा भेद सहसा दाखविता येत नाही, कारण मानेपुढे कोण होते आणि त्याआधीच्या क्षणी काय घडले, हे त्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणूनच अल्टेनबर्ग येथे उतरविलेल्या कलहंसांच्या चित्रफितींचे मोल मोठे.

लोरेंत्स यांनी 1963 साली आक्रमकतेवर ग्रंथ लिहून पक्ष्यांवरून मनुष्यमात्राविषयी जे निष्कर्ष काढले, त्यांवर पुष्कळ वाद झाला, आणि 1938 साली नाझी पक्षात दाखल झालेल्या या शास्त्रज्ञाच्या मानवविषयक मतांकडे साशंकतेने पाहणेच मला योग्य वाटते. त्यांच्या हंसांच्या नोंदींचे महत्त्व मात्र त्यामुळे उणावत नाही. 1973 साली टिनबर्गेन आणि फोन फ्रिश या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांसह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या मुलखात हिवाळ्यात जायकवाडी व उजनीच्या जलाशयांवर पट्टकदंब हंसांचे थवे उतरतात, आणि आता तेथे कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांची वाण नाही. त्यांना एवढीच विनंती, की थव्याला उठवून पंख पसरलेले चित्र मिळविण्याचा मोह टाळावा, दूर बसावे, आणि एखादा हंस दुसऱ्यावर धावून गेलाच तर तो कोणावर गेला, परतून कोणापाशी आला व तेव्हा त्याची मान कोणत्या दिशेस होती, हे चित्रासोबत तारीखवार टिपून ठेवावे.