जिद्द पाण्यात उतरते तेव्हा



गणपतीचे दिवस जवळ आले की मंडळाचे तरुण कार्यकर्ते वर्गणीच्या पावतीपुस्तकाबरोबर स्मरणिकेच्या लेखाची मागणीही घेऊन येतात. इतिहास हा माझ्या आवडीचा विषय, हे त्यांना ठाऊक आहे. या वर्षी मात्र किल्ले आणि लढाया बाजूला ठेवून मी पोहण्याच्या इतिहासावर लिहायचे ठरवले. त्याला कारण आहे. आपल्या टाउनशिपमध्ये पोहायला शिकणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांतली काही शालेय स्पर्धांतही उतरतात. पण नववी-दहावी आली की बहुतेकांचे पोहणे सुटते. भिलाईत कोचिंग क्लासचे वारे जोरात वाहतात आणि "पोहून काय मिळणार आहे?" हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. आईवडिलांची काळजी मी समजू शकतो. तरीही उत्तर देण्याआधी आपल्या जलतरणपटूंनी काय सोसले आणि काय मिळवले, ते एकदा पाहावे, एवढीच विनंती.

सुरुवात सचिन नाग यांच्यापासून करू. जन्म 1920 चा, वाराणसीचा. गंगेच्या काठी वाढलेला हा मुलगा पुढे कलकत्त्याला जाऊन मोठा पोहणारा झाला. 1947 च्या धुमसत्या दिवसांत त्यांच्या पायाला गोळी लागली. पोहणाऱ्याच्या दृष्टीने पाय म्हणजे नावेचे सुकाणू. तरी पुढच्याच वर्षी ते लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले. मार्च 1951 मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा 100 मीटर फ्रीस्टाइल 1 मिनिट 4.7 सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धांतले भारताचे हे पहिले सुवर्ण! क्रिकेट-हॉकीच्या गप्पा मारताना हे नाव आपल्याला आठवत नाही.

दुसरे नाव आपल्या सांगली जिल्ह्यातले. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. लहानपणी कुस्तीचा नाद, नंतर सैन्यात भरती, तिथे बॉक्सिंग. 1965 च्या युद्धात त्यांच्या शरीरात अनेक गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. उपचारांचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. ज्याने आखाड्यात पायांच्या ताकदीवर डाव टाकले, त्याला आता केवळ हातांच्या बळावर पुढे सरकायचे होते. ऑगस्ट 1972 मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पूर्ण करून विश्वविक्रमासह सुवर्ण मिळवले. पॅरालिंपिकमधले भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्ण. ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राने 2008 मध्ये आणले, म्हणजे पेटकरांनंतर 36 वर्षांनी. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती 2018 साली. पाण्याबाहेरही त्यांना धीर धरावा लागला, तो असा.

हायडलबर्गची स्पर्धा संपली आणि त्याच महिन्यात त्याच देशात म्युनिक ऑलिंपिक सुरू झाले. तिथे अमेरिकेच्या मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदके जिंकली, सातही विश्वविक्रमांसह. हे सर्वांना माहीत असते. त्याआधीचे चार वर्षांपूर्वीचे मेक्सिको फारसे कोणी सांगत नाही. तेव्हा स्पिट्झ अवघा 18 वर्षांचा होता आणि सहा सुवर्णपदके आणीन असे सांगून गेला होता. मिळाली दोन, तीही रिले शर्यतींत. 200 मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत तर तो शेवटचा आला. मला वाटते, मुलांना म्युनिकपेक्षा मेक्सिको आधी सांगावे. "मी जिंकणारच" असे बोलून दाखवणे म्हणजे आत्मविश्वास नव्हे. शेवटचा आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरणे, आणि असे चार वर्षे करीत राहणे, यातून जो तयार होतो तो आत्मविश्वास. तो सरावाच्या आधी येत नाही, सरावाच्या मागून येतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. वीरधवल खाडे हा कोल्हापूरचा मुलगा, जन्म 29 ऑगस्ट 1991. कोल्हापूर म्हटले की तालीम आणि कुस्ती आठवते, पण या मुलाने पाणी निवडले. पुढे बंगळुरूला निहार अमीन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने सराव केला. घरापासून दूर, कोवळ्या वयात, दिवस उजाडण्याआधी पाण्यात. ज्या वयात आपली मुले दहावी-अकरावीच्या वह्या भरत असतात, त्या वयात तो 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला पोहोचला. सतरावा वाढदिवस अजून काही दिवस लांब होता. 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याने 50.07 सेकंदांची वेळ दिली आणि आपल्या प्राथमिक शर्यतीत पहिला आला. पुढच्या फेरीत त्याला जाता आले नाही. पण सचिन नाग यांच्या 1951 च्या वेळेशी तुलना केली, तर 57 वर्षांत साडेचौदा सेकंदांहून अधिक अंतर कापले गेले होते.

2010 मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे त्याने 50 मीटर बटरफ्लाय 24.31 सेकंदांत पोहून आशियाई कांस्यपदक मिळवले. त्याआधी 1986 मध्ये सोल येथे खजान सिंग यांनी 200 मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य जिंकले होते. मधली 24 वर्षे आशियाई जलतरणात भारताची पाटी कोरी होती. 2011 मध्ये वीरधवलला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुढचा भाग प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. वीरधवल तहसीलदार झाला. मालवणला नेमणूक झाली. सरकारी नोकरी, मानाचे पद. मराठी घराला आणखी काय हवे? पण नोकरी आणि सराव यांचा मेळ बसेना आणि मधली बरीच वर्षे पोहणे मागे पडले. ज्या वयात पोहणारा सर्वांत जोमात असतो, नेमकी ती वर्षे. तरी तो परतला. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने 22.43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम शर्यतीत वेळ आली 22.47. तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूची वेळ होती 22.46.

सेकंदाचा शंभरावा भाग! मी कागदावर हिशेब करून पाहिला. या वेगाने पोहणारा माणूस तेवढ्या अवधीत सुमारे सव्वादोन सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे बोटाच्या एका पेराइतके अंतर. 1972 च्या म्युनिकमध्ये तर 400 मीटर मिडले शर्यतीचे सुवर्ण सेकंदाच्या दोन हजारांश फरकाने ठरवले गेले होते. त्यानंतर शतांशाच्या पुढे मोजायचे नाही असा नियम झाला. पाण्यातला न्याय इतका बारीक असतो.

पेरभर अंतराने पदक हुकले म्हणून वीरधवलने कपाळाला हात लावला नाही. 2023 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले आणि महिलांमध्ये त्याच प्रकारातले सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता हिने जिंकले. त्यानंतरच त्याने स्पर्धांचा निरोप घेतला. हरून सोडणे आणि आपल्या मनाप्रमाणे थांबणे यांत फार फरक आहे.

कोणी म्हणेल, ही मोठ्या शहरांची, मोठ्या तलावांची गोष्ट. तर मग आपल्या दुर्ग जिल्ह्यातल्या पुरई गावाकडे पाहा. छत्तीसगढीत तळ्याला तरिया म्हणतात. पुरईची मुले गावच्या तळ्यात सराव करून स्पर्धांना जातात. तिथे निळ्या फरशा नाहीत की लेनच्या दोऱ्या नाहीत. 2023 मध्ये याच गावातल्या एका शाळकरी मुलीने तळ्यात सलग 8 तास पोहून विक्रम नोंदवला. आठ तास! आपली मुले तीन तासांच्या पेपरला दमतात. ती मुलगी सकाळी पाण्यात उतरली असेल तेव्हा तिला आठवा तास दिसत नसणार. दिसत असेल तो पुढचा हात, आणि त्याच्या पुढचा. सरावाने दिलेला विश्वास तो हाच.

आता पुन्हा "काय मिळणार?" या प्रश्नाकडे. पदक सगळ्यांना मिळणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण स्वतःचे टाइमिंग वहीत लिहून ठेवणारे मूल दर महिन्याला स्वतःच पाहते की, आपण काल होतो त्याहून आज बरे आहोत. हा हिशेब परीक्षेच्या गुणांपेक्षा खरा असतो, कारण त्यात नशीब किंवा शिफारस चालत नाही. म्हणून पालकांना माझे सांगणे इतकेच, की दहावीच्या वर्षी सराव कमी करा, हवा तर निम्मा करा, पण बंद करू नका. सुटलेला सराव पुन्हा धरायला काय पडते, ते वीरधवलच्या गोष्टीत आहे. आणि मुलांनो, तळे असो वा तरणतलाव, जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय एकट्याने पाण्यात उतरू नका. जिद्द आणि आडदांडपणा यांत गल्लत नको.

मंडळालाही एक सूचना करतो. उत्सवात आपण रांगोळी, वक्तृत्व आणि नृत्याची बक्षिसे देतो. एक बक्षीस पोहणाऱ्या मुलांसाठीही ठेवावे. ते पहिल्या क्रमांकाला न देता, वर्षभरात ज्याने किंवा जिने स्वतःची वेळ सर्वांत जास्त सुधारली, त्या मुलाला किंवा मुलीला द्यावे. त्यासाठी मुलांनी आपल्या टाइमिंगच्या वह्या पुढच्या वर्षी मंडळाकडे आणाव्यात. बक्षिसाचा खर्च मी आनंदाने उचलीन.