डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण
डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण हे पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याच्या पर्यावरणरक्षणासाठी नेमलेले प्राधिकरण आहे. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि उद्योगांचे क्षेत्र ५०० एकरांपुरते मर्यादित केले. तिच्या अंमलबजावणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार त्याच वर्षी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले.

वाढवण बंदर

वाढवण येथील नियोजित बंदर अधिसूचनेशी विसंगत असल्याने प्राधिकरणाने १९९८ मध्ये ते अमान्य केले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांची गणना उद्योगेतर प्रवर्गात केली. त्यामुळे मूळ अधिसूचना कायम असतानाही बंदराच्या परवानगीचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने बंदरास सशर्त ना-हरकत दिली. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली.

समुद्रात भराव टाकल्याने मासेमारीची क्षेत्रे नष्ट होतील, या भीतीने स्थानिक मच्छीमारांचा प्रकल्पास विरोध आहे. त्यामुळे ना-हरकतीतील अटींचे पालन हा किनाऱ्यावरील उपजीविकेशी निगडित प्रश्न ठरतो.