लहान कॅमेरा, मोठा आरसा

यंत्रांचा इतिहास आपण बहुधा 'अधिक' या शब्दाच्या आधाराने लिहितो : अधिक वेग, अधिक शक्ती, अधिक अचूकता. एखादे यंत्र लहान झाले, तर त्याची नोंद 'सुटसुटीत' या एका विशेषणात उरकली जाते. लहान होताना त्याच्या पोटात काय घडले, कोणता भाग जागचा हलला आणि कोणता मुद्दाम मोठा ठेवला गेला, हे सहसा कोणी विचारत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना मात्र हा प्रश्न ओळखीचा वाटावा. लघुकथा म्हणजे कादंबरीचा सारांश नव्हे, हे आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. तेच विधान यंत्राच्या बाबतीतही करता येईल का, हे १९७२ साली आलेल्या एका जपानी कॅमेऱ्याच्या निमित्ताने येथे पाहायचे आहे. तो कॅमेरा म्हणजे ऑलिंपस ओएम-१.

प्रथम पार्श्वभूमी. ज्या भिंगातून छायाचित्र घ्यायचे त्याच भिंगातून दृश्य पाहायचे, हे एसएलआर जातीच्या कॅमेऱ्याचे तत्त्व. भिंगातून आलेला प्रकाश तिरप्या आरशावरून वर जातो, वरच्या पंचकोनी लोलकातून फिरून डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मवर हे तत्त्व १९३६च्या किने एक्झॅक्टाने रुजवले, १९४९च्या कॉन्टॅक्स एसने त्याला पंचकोनी लोलक दिला, आणि १९५९च्या निकॉन एफने अशा कॅमेऱ्याला व्यावसायिक छायाचित्रकाराच्या हातात कायमचे स्थान मिळवून दिले. पण आरसा, लोलक आणि त्यांना सामावणारी पेटी यांमुळे हा कॅमेरा मोठा, जड आणि आवाज करणारा झाला होता. उत्तम यंत्र असेच असायचे, अशी समजूतही त्यातून तयार झाली. वजन हे जणू गांभीर्याचे प्रमाणपत्र ठरले.

या समजुतीला धक्का देणारे योशिहिसा माइतानी (१९३३-२००९) हे वासेदा विद्यापीठातून यंत्र-अभियांत्रिकी शिकलेले आणि स्वतः हौशी छायाचित्रकार होते. १९५६ साली ते ऑलिंपस कंपनीत दाखल झाले. १९५९ साली त्यांनी रचलेला 'पेन' हा कॅमेरा एका चौकटीच्या जागेत दोन चित्रे घेई. छत्तीस चित्रांच्या रोलमध्ये बहात्तर चित्रे मिळत. सामान्य माणसाला परवडणारी किंमत आधी ठरवून मग तिच्यात बसणारा कॅमेरा रचायचा, ही त्यामागची दृष्टी होती. १९६३च्या 'पेन एफ'मध्ये त्यांनी अर्ध्या चौकटीचा एसएलआर सिद्ध केला. त्यानंतर पूर्ण चौकटीच्या एसएलआरचा विचार सुरू झाला, तेव्हा त्यांनी तीन दोष समोर ठेवले : आकार, वजन, आणि आरसा व शटर यांचा धक्का व आवाज. त्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे भिंगासह साधारण १४०० ग्रॅम भरणारा कॅमेरा ७०० ग्रॅमवर आणायचा, हे त्यांचे लक्ष्य होते.

निम्मे वजन कमी करणे हे काटछाटीने साधणारे काम नव्हते. प्रत्येक भाग थोडा थोडा बारीक केला असता, तर कॅमेरा नाजूक झाला असता एवढेच. माइतानी यांनी भागांची मांडणीच बदलली. शटरगती ठरवणारी चकती तोपर्यंत बहुतेक एसएलआरमध्ये माथ्यावर, उजव्या हाताशी असे. तिच्याशी निगडित यंत्रणा त्यांनी कॅमेऱ्याच्या तळाशी, आरशाच्या पेटीखाली नेली. त्यामुळे शटरगतीचे नियंत्रण भिंगाच्या मुळाशी, कड्याच्या रूपात आले. प्रकाशछिद्राचे कडे भिंगाच्या पुढच्या टोकाला आणि स्पष्टतेचे कडे मध्ये अशी रचना झाल्याने तिन्ही गोष्टी डाव्या हाताला मिळाल्या. जागा वाचवण्यासाठी केलेला बदल वापरणाऱ्याच्या सोयीचा ठरला : डोळा दृश्यावरून न हटवता सारे ठरवता येऊ लागले. आरशाचा आघात शोषण्यासाठी हवेचा दट्ट्या बसवला गेला. बटण दाबल्यावर या कॅमेऱ्याचा आवाज येतो, पण तो दबका असतो.

याहून महत्त्वाचे आहे ते न कापलेले. कॅमेरा लहान करायचा म्हटल्यावर पहिली कुऱ्हाड आरशावर आणि दर्शकावर पडायला हवी होती, कारण जागा तेच खातात. माइतानी यांनी आरसा मोठा ठेवला. त्यामुळे लांब पल्ल्याचे भिंग लावले तरी दृश्याची कड काळवंडत नाही. दर्शकातून चित्राचा ९७ टक्के भाग दिसतो आणि ५० मिलिमीटर भिंगातून दृश्य ०.९२ पट, म्हणजे जवळजवळ मूळ आकाराचे दिसते. विद्यार्थ्यांच्या हाती हा कॅमेरा दिला की त्यांचा पहिला उद्गार वजनाबद्दल असतो आणि दुसरा, डोळा लावल्यानंतरचा, आतल्या प्रशस्तपणाबद्दल. भिंगाविना सुमारे ५०० ग्रॅमची ती पेटी बाहेरून आक्रसलेली आणि आतून ऐसपैस आहे. संक्षेप करताना काय गाळायचे यापेक्षा कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवावे लागते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

नावाचाही एक इतिहास आहे. १९७२ साली हा कॅमेरा 'एम-१' या नावाने आला आणि त्याच वर्षी कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात मांडला गेला. लायका कॅमेऱ्यांच्या एम मालिकेशी नाव जुळते म्हणून लाइत्स कंपनीने हरकत घेतली आणि तो 'ओएम-१' झाला. पुढे १९७६चा पेंटॅक्स एमएक्स, १९७७चा निकॉन एफएम असे आटोपशीर कॅमेरे इतरांनीही काढले. जड म्हणजे चांगला, हे समीकरण पाच-सहा वर्षांत ढिले झाले.

या बदलाचा परिणाम छायाचित्रांवर कसा झाला? 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्राच्या छायाचित्रकार जेन बाउन (१९२५-२०१४) यांचे उदाहरण साहित्याच्या वाचकांना जवळचे वाटेल. अनेक लेखकांची व्यक्तिचित्रे त्यांनी टिपली. सॅम्युएल बेकेट यांचे १९७६चे सुरकुत्यांनी भरलेले चित्र त्यांचेच. पुढची अनेक वर्षे ओएम-१ हेच त्यांचे साधन होते. दिव्यांचा सरंजाम नाही, सहायक नाही. कॅमेरा बाजाराच्या पिशवीत आणि प्रकाशाचा अंदाज स्वतःच्या हाताच्या पाठीवर पाहून. थोड्या मिनिटांत काम आटोपून त्या निघून जात. समोरच्या माणसाच्या मनावर यंत्राचे दडपण येऊ न देणे ही त्यांची रीत होती आणि लहान कॅमेरा त्या रीतीला साजेसा होता. अर्थात, चित्र कॅमेऱ्यामुळे होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मोठे यंत्र ज्या अंतरावर माणसाला सावध करते, त्या अंतराच्या आत शिरण्याची मुभा लहान यंत्र देते, इतकेच म्हणता येईल.

आज असा कॅमेरा बाळगणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे. माझ्याकडचा ओएम-१ जुन्या बाजारातला आहे. त्याच्या प्रकाशमापकाला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागते. प्रदूषणाच्या कारणाने तशा बॅटऱ्या १९९०च्या दशकात बाजारातून जाऊ लागल्या. श्रवणयंत्रात वापरतात ती जस्त-हवा बॅटरी बसवून काम भागते. बॅटरी नसली तरी शटर चालते, कारण ते पूर्णतः यांत्रिक आहे. फक्त प्रकाशाचा अंदाज आपला आपण करावा लागतो. लोलकाभोवतीचा फोम वर्षांनुवर्षांच्या दमटपणाने विरघळतो आणि लोलकाचा चंदेरी लेप खातो. मग दर्शकात काळसर पट्टा दिसू लागतो. कोकणात किंवा मुंबईत कॅमेरा ठेवणाऱ्याने तर पावसाळ्यात तो कपाटात कोंडून ठेवू नये, भिंगावर बुरशी धरते. दुरुस्ती जाणणारे हात कमी होत चालले आहेत आणि रोलची किंमत प्रत्येक चौकटीआधी आठवते.

या शेवटच्या गोष्टीतूनच अलीकडे एक नवी भाविकता जन्माला आली आहे. फिल्म संयम शिकवते, छत्तीस चौकटींची मर्यादा माणसाला अंतर्मुख करते, असे बोलले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण इतिहास म्हणून पाहता ही ओएम-१वर लादलेली भूमिका आहे. अडचण हीच साधना, असे माइतानी यांना वाटत असते, तर त्यांनी ७०० ग्रॅमचा आग्रह धरला नसता आणि त्याआधी छत्तीसच्या बहात्तर चौकटीही केल्या नसत्या. त्यांचा कॅमेरा हा तपश्चर्येचा नव्हे, सुलभतेचा प्रकल्प होता : छायाचित्र घेणाऱ्याचा खांदा दुखू नये, डोळा हटू नये, समोरच्याने दचकू नये.

ओएम मालिकेचे उत्पादन २००२ साली थांबले. २०१२ साली ऑलिंपसने 'ओएम' ही अक्षरे डिजिटल कॅमेऱ्यांवर पुन्हा आणली. २०२१च्या आरंभी कंपनीचा कॅमेरा-व्यवसाय वेगळा झाला, आणि त्या नव्या कंपनीने २०२२ साली 'ओएम-१' हेच नाव एका डिजिटल कॅमेऱ्याला दिले. नाव टिकले याचे समाधान आहे. जुना ओएम-१ हाती घेणाऱ्याने मात्र त्यात हरवलेल्या काळाचा संथपणा शोधू नये. पन्नास वर्षांपूर्वी एका अभियंत्याने वापरणाऱ्याचा किती बारकाईने विचार केला होता, हे त्यात शोधावे. ते त्या तीन कड्यांवर डावा हात ठेवल्याबरोबर सापडते.