पंगतीकडून गोल मेजाकडे

‘गोलमेज’ हा शब्द मराठीत रुळला तो राजकारणातून. १९३० ते १९३२ या काळात लंडनला गोलमेज परिषदेची तीन अधिवेशने भरली. तिन्हींना डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते, दुसऱ्याला महात्मा गांधीही गेले. वर्तमानपत्रांतून शब्द घरात आला; पण जेवायला गोल मेज मांडावे, हे आपल्याकडे पुष्कळ उशिरा सुचले.

त्याचे कारण पंगत. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये येथे स्थिरावली आणि तिचेच ‘लष्कर’ शहर झाले. छावणीमागोमाग आलेल्या आपल्या घराण्यांनी पाट, रांगोळी आणि सोवळेही सोबत आणले. पंगतीला क्रम असे : आधी वडीलधारे व पाहुणे, मग मुले, सर्वांत शेवटी वाढणाऱ्या बायका. वाढताना दुजाभाव होऊ नये म्हणून ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आपण दोषवाचक मानला. मात्र पंगतीत बसायचे कोणी, हा प्रश्न त्या शब्दात आलाच नाही.

१८७४ मध्ये उभ्या राहिलेल्या जयविलास महालातही मानाचा क्रम सुटला नाही. चांदीची आगगाडी जिच्यावरून फिरे, ती महालातली प्रसिद्ध मेज लांबलचक आहे. लांब मेजाला टोक असते, आणि टोकाशी मान असतो.

क्रम ढिला केला तो गिरणीने. १९२१ मध्ये जियाजीराव कॉटन मिल्स सुरू झाली व तिच्याभोवती बिर्लानगर वाढले. गिरणीचे काम पाळ्यांचे. भोंग्यावर घर चालू लागले की सर्वांची एक पंगत बसणे अवघड होते. जो ज्या वेळी येईल त्याने त्या वेळी बसावे, याला मेज सोयीची. आणि कोपरे नसल्याने लहान खोलीत गोल मेज अधिक सोयीची.

ती घरी करणे अशक्य नाही. चार फूट व्यासाच्या मेजाचा परीघ साडेबारा फुटांहून थोडा अधिक भरतो. सहा माणसांना प्रत्येकी दोन फूट जागा मिळते. सागवानी फळ्या रंध्याने सरळ करून कडेला कड चिकटवायच्या, मध्यावर खिळा ठोकून दोरीने वर्तुळ आखायचे व करवतीने कापायचे. खरी परीक्षा खालच्या चौकटीची. लाकूड लांबीत फारसे हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ग्वाल्हेरचा कोरडा मे आणि दमट श्रावण यांत हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून स्क्रूसाठी चौकटीत लांबट भोके ठेवतात. फळीला हलायला जागा दिली नाही, तर ती तडकते.

१९९० च्या दशकात गिरणी बंद पडली. कित्येक घरांतील मुले पुणे, इंदूर, दिल्लीकडे गेली. मेजाभोवतीची माणसे कमी झाली. तरी सणासुदीला ती पुन्हा भरते, आणि तेव्हा जुनी पंगत हळूच परत येते. पाच जण जेवतात, सहावी गरम पोळी आणायला उभी असते.

गोल मेजाला मानाची जागा नसते, हे खरे. पण केवळ आकाराने समता येत नाही. पोळ्या आधी करून डब्यात ठेवाव्यात आणि सहावी खुर्ची भरल्यावरच पहिला घास घ्यावा, एवढे आपल्या हाती आहे. पंक्तिप्रपंच टाळण्याचा जो संस्कार आपण दोनशे वर्षे इथे जपला, तो पुरा व्हायला एवढेच उरले आहे.